मगनवाडीची शाळा : गावसेवकांना कचऱ्याचे काम शिकवणाऱ्या संस्थेचा इतिहास

कोंढ्याच्या स्मरणिकेत वर्ध्याच्या संस्थेचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पडायला हरकत नाही. आपल्या चौरास भागात स्वच्छतेचे काम करणाऱ्या पोरांची कमतरता कधीच नव्हती. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि पहाटेची ग्रामसफाई पाहत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. पण गावात कचऱ्याचे काम म्हणजे पोरे गोळा करायची, हाती खराटे द्यायचे, पंचायतीसमोर फोटो काढायचा आणि चहा पिऊन घरी जायचे, अशी एक समजूत अलीकडे घट्ट बसली आहे. झाडलेला कचरा पुढे जातो कुठे, हे कोणी विचारत नाही. तो बहुधा नाल्याच्या काठावर जातो. या कामाचेही शिक्षण असते, ते रीतसर द्यावे लागते आणि त्यासाठी हिशेब यावा लागतो, हे विदर्भातच नव्वद वर्षांपूर्वी एका संस्थेने ओळखले होते. म्हणून हा लेख.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी काँग्रेसच्या सभासदत्वातून मोकळे झाले ते याच वेळी. जाता जाता त्यांनी एक ठराव करवून घेतला : गावातले मरणपंथाला लागलेले धंदे सावरण्यासाठी स्वतंत्र संघ काढावा, त्याने राजकारणापासून दूर राहावे आणि उभारणीची जबाबदारी जे. सी. कुमारप्पा यांनी घ्यावी. त्याप्रमाणे १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष झाले वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू आणि सचिव कुमारप्पा. सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, सी. व्ही. रामन अशी मंडळी होती. जमनालाल बजाज यांनी आपली बाग, तिच्यातला बंगला आणि सुमारे वीस एकर जागा संघाला दिली. साबरमती आश्रमाचा कारभार आणि खादीचे शास्त्र सांभाळणारे मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते. त्यांच्या नावावरून जागेचे नाव मगनवाडी पडले. १९३५ च्या सुरुवातीला गांधीजी स्वतः तिथे राहायला आले आणि एप्रिल १९३६ अखेर शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला जाईपर्यंत तिथेच राहिले.

कुमारप्पा हा माणूस नीट समजून घेतला पाहिजे. जन्म १८९२, तंजावरचा. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत चाललेला धंदा, मग अमेरिकेत सिराक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र. १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटायला आले ते सार्वजनिक वित्तावरचे आपले हस्तलिखित घेऊन. विलायती कोटातला हा हिशेबनीस पुढे खेड्यांतच रमला. पण त्याने हिशेबाची वही कधी सोडली नाही आणि माझ्या मते मगनवाडीचे सगळे वेगळेपण त्या वहीत आहे. गांधीजींच्या भोवती त्याग करणारे पुष्कळ होते, जमाखर्च मांडणारे थोडे.

गावातून जे बाहेर जाते ते सारे खर्चाच्या बाजूला लिहायचे, असा त्यांचा खाक्या होता. तेलबी शहरातल्या गिरणीत गेली की तेल शिशीतून परत येते, पण ढेप गिरणीतच राहते. गावातल्या बैलाची ढेप गेली म्हणजे त्याचे बळ गेले, शेण हलके झाले, शेतातले खत हलके झाले. गावातला घाणा बंद पडल्याने किती नुकसान झाले हे तेल्याच्या मजुरीवरून मोजणाऱ्याला ही साखळी दिसत नाही. धानाचेही तसेच. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ म्हणजे दाण्यावरचा सत्त्वाचा पदर खरवडून टाकलेला तांदूळ. संघाने अगदी सुरुवातीला जी मोहीम हाती घेतली ती हातसडीच्या तांदळाची होती. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला यावर जास्त सांगायला नको. ज्याच्या घरी राइस मिलमधून धान भरडून येते त्याला मागे काय राहिले आणि ते कोणी विकत नेले, हे ठाऊक असते.

कचरा कमी करणे ही गोष्ट आज आपण पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण अशा जड शब्दांनी शिकवतो. मगनवाडीत ती हिशेबाच्या अंगाने शिकवली जाई. टाकाऊ म्हणजे काय, तर ज्याचा उपयोग करणारा हात गावातून निघून गेला आहे अशी वस्तू. तो हात परत आणायचा, म्हणजे त्याला काम शिकवायचे. गावसेवकांच्या प्रशिक्षणाची शाळा यातूनच उभी राहिली. निरनिराळ्या प्रांतांतून तरुण येत. घाणा, हातकागद, मधमाश्या, ताडगूळ, चूल, साबण, खत असे विषय होते. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेला घाणा इथला, ताडगुळाच्या कामात आयुष्य घातलेले गजानन नाईकही इथले. शिकणारा स्वयंपाकघरात आणि संडासाच्या चरांवरही पाळीने काम करी. कुमारप्पा वेळेच्या बाबतीत फार कडक होते.

दिव्याचे उदाहरण मला फार आवडते. खेड्यात रॉकेलचे कंदील आले होते. रॉकेल समुद्रापलीकडून येते, त्याचे पैसे गावातून जातात आणि बांधावरच्या करंजाच्या शेंगा मात्र झाडाखाली कुजतात. तेव्हा वनस्पती तेलावर नीट जळेल असा कंदील मगनवाडीत बनवला गेला. त्याचे नाव मगनदीप. चूल तशीच, मगन चूल : सरपण कमी लागावे आणि धूर बाहेर जावा. यांतली कोणतीही वस्तू जगाला थक्क करणारी नव्हती. पण एक तरुण असा दिवा स्वतः करून शिकला की गावी जाऊन तो करंजाच्या शेंगांकडे वेगळ्या नजरेने पाही. प्रशिक्षण द्यायचे होते ते त्या नजरेचे.

हातकागदाचे काम जरा जवळून पाहू, कारण पुनर्वापराचे शिक्षण एका वस्तूतून कसे देता येते याचा तो नमुना आहे. महाराष्ट्राला हा धंदा नवा नव्हता. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही जुनी कागदाची ठाणी होती. गिरणीच्या कागदाने ती खंगली. मगनवाडीत कच्चा माल म्हणजे चिंध्या, जुनी पोती, दोर आणि रद्दी. आधी चिंध्या निवडायच्या. बटणे, आकडे, शिलाईची जाड टोके काढून टाकायची, रंगीत वेगळ्या आणि पांढऱ्या वेगळ्या. हे काम कंटाळवाणे असते आणि नवशिक्याला वाटते, इथे काय शिकायचे? पण निवडण्यात केलेली आळशी चूक शेवटी कागदावर डागासारखी उमटते, तेव्हा त्याला कळते. मग चिंध्यांचे बारीक तुकडे करायचे, चुन्याच्या किंवा सोड्याच्या पाण्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. लगदा दह्यासारखा झाला की पाण्याच्या हौदात कालवायचा. जाळीची चौकट हौदात तिरपी बुडवून आडवी वर उचलायची. पाणी निथळते आणि जाळीवर धाग्यांचा पातळ थर राहतो. चौकट उचलताना मनगट एका बाजूला झुकले तर कागद एका अंगाला जाड, एका अंगाला फाटका. हा थर कापडावर उलटवायचा, थरावर थर चढवून दाबाखाली पाणी काढायचे, सुकवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. तेव्हा कुठे शाई न फुटणारा कागद होतो. गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि फाडलेली पाकिटे लिहिण्यासाठी वापरत, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्यावरही ज्या रद्दीचे काम संपले, तिला या हौदात जागा होती. पुढे १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागदाची वेगळी संस्था सुरू झाली आणि ती शिवाजीनगर भागात आजही कापडाच्या कतरणीतून कागद काढते.

खताची गोष्ट इंदूरपासून सुरू होते. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तिथे वनस्पती संशोधनाची संस्था काढली. त्यांचे सहकारी यशवंत वाड. दोघांनी मिळून १९३१ मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले. ही पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते. हॉवर्डचे नाव सगळे घेतात, वाड मात्र तळटीपेत जातात. निदान मराठी स्मरणिकेत तरी त्यांचे नाव वर यावे. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि तिच्या पद्धतीची माहिती ‘हरिजन’मधून वाचकांपर्यंत पोचवली.

पद्धत सोपी आहे आणि म्हणूनच ती चुकते. पालापाचोळा, धसकटे, काडीकचरा यांचा थर, त्यावर गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख आणि शेणकाला, पुन्हा काडीकचरा. खड्डा उथळ, दोन-तीन फुटांचा. खोल केला की आत हवा जात नाही आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. पाणी बेताचे. पहिल्या पंधरवड्यात एकदा उलटवायचा, आणखी पंधरवड्याने दुसऱ्यांदा, दोन महिने झाले की तिसऱ्यांदा. तिसऱ्या महिन्याअखेर हाताला मऊ लागणारे, मातीचा वास येणारे खत तयार. आपल्या सांदवाडीतला उकिरडा आणि हा खड्डा यांत माल तोच आहे. फरक उलटवण्यात आहे. उकिरड्यात वर्षभर टाकत राहायचे आणि मृगाच्या तोंडावर उपसायचे, अशी आपली रीत. वरचे कोरडे, मधले कच्चे आणि तळाशी चांगले खत, तेही अर्धे पावसाने वाहून गेलेले. आता त्यात पन्नी येते. शेणखताच्या गाडीबरोबर शेतात पन्न्या पसरतात आणि नांगराच्या फाळाला अडकतात, हे आपण रोज पाहतो.

मैल्याचाही प्रश्न मगनवाडीने सोडला नाही. मैला एक फुटाहून खोल पुरायचा नाही, असे गांधीजी पुन्हा पुन्हा लिहीत, कारण जमिनीच्या वरच्या थरातच त्याला माती करणारे जिवाणू राहतात. त्यांनी शौचाला जाताना लहान फावडे बरोबर नेण्याचा आग्रह धरला. ऐकायला साधे वाटते. पण याच ठिकाणी संस्थेच्या इतिहासातला सर्वांत कठीण धडा आला आणि तो सिंदी गावाने शिकवला.

सिंदी मगनवाडीला अगदी लागून. रस्त्याच्या कडेला लोक बसत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई, त्यांच्या शिष्या मीराबेन आणि इतर मंडळी रोज सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन तिकडे जात, घाण उचलत आणि शेतात पुरत. गावकऱ्यांनी हे पाहून लाजेने सवय बदलावी, अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. उलट, काही जण लांबूनच हात करून दाखवत, अजून तिकडेही आहे! गावाला फुकटचे सफाई कामगार मिळाले होते. मीराबेन नंतर सिंदीत झोपडी बांधून राहिल्या, पण दलितांच्या विहिरीचे पाणी घेतात म्हणून गावातल्या वरच्या आळीने त्यांच्याशीच अंतर ठेवले. शेवटी त्या शेगावला गेल्या.

या प्रसंगाकडे भाविकपणे पाहणारे पुष्कळ आहेत. मला तो अपयशाचा प्रसंग वाटतो आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. स्वयंसेवकाने गावाचे काम गावासाठी करून टाकले की गाव प्रेक्षक होते. आज आपल्याकडे सफाईच्या दिवशी हेच होते. पोरे झाडतात, ओट्यावर बसलेले ज्येष्ठ कौतुक करतात आणि संध्याकाळी त्याच ओट्यावरून गुटख्याची पुडी खाली पडते. प्रशिक्षण द्यायचे ते खराटा चालवणाऱ्याला थोडे आणि ओट्यावरच्याला जास्त. मगनवाडीच्या पुढच्या कामात हे थोडे उतरले : शाळांशी, घरांशी, बायकांशी संबंध ठेवणारे काम सेवाग्रामच्या नई तालीम या शिक्षणप्रयोगातून झाले, तिथे सफाई हा शाळेतला विषय होता आणि मुले त्यातून गणित आणि आरोग्य दोन्ही शिकत.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि भंडारा जिल्ह्यात तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच भंडाऱ्यातून लढवली होती. सफाईच्या कामाला पवित्र ठरवण्याची जी भाषा गांधीजींच्या चळवळीत होती तिच्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कडक टीका केली. मुद्दा सरळ होता. वरच्या जातीचा माणूस हौसेने झाडू घेतो तेव्हा त्याची स्तुती होते आणि तो हवा तेव्हा झाडू खाली ठेवू शकतो. ज्याच्या हाती जन्मानेच तो दिला गेला, त्याला त्या कामाचे गोडवे ऐकवणे म्हणजे त्याला तिथेच बांधून ठेवणे. स्वयंसेवकांचा कोणताही वर्ग घेताना हा मुद्दा पहिल्या तासाला सांगितला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने मैला उचलायला लावण्यावर कायद्याने बंदी आली ती १९९३ मध्ये आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये झाला. गावात ट्रॅक्टरवर कचरा भरायला कोणाला बोलावले जाते, त्याला हातमोजे मिळतात का आणि मजुरी वेळेवर मिळते का, हे तपासणे हेही स्वच्छतेचेच काम आहे.

संस्थेचा पुढचा इतिहास थोडक्यात. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले; गावच्या अवजारांचे आणि उद्योगांचे ते प्रदर्शन आजही पाहायला मिळते. त्याच सुमारास मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने प्रांतातल्या उद्योगांची पाहणी करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे होते. आपला भंडारा तेव्हा त्याच प्रांतात. १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ चळवळीत धरपकड झाली. जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे आपले गाजलेले पुस्तक लिहिले. निसर्गातली संपत्ती दोन प्रकारची, असे त्यांनी त्यात मांडले. कोळसा, खनिज तेल, धातू यांचा साठा एकदा उपसला की संपला. लाकूड, गवत, धान्य, जनावरांचे श्रम हे वाहते. नीट वापरले तर दरवर्षी पुन्हा मिळते. साठ्यावर जगणारी माणसे साठ्यासाठी भांडतात, म्हणून वाहत्यावर जगायला शिका. हवामानबदलाची भाषा जन्मायच्या कितीतरी आधी हे लिहिले गेले. तांब्या-पितळेची मोड वितळवून नवी भांडी घडवणाऱ्या भंडाऱ्याच्या कारागिरांना साठा पुन्हा वाहता कसा करायचा, हे पुस्तकाशिवायच ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर मगनवाडीची ओढ ओसरली. कुमारप्पांचे नव्या राज्यकर्त्यांशी पटेना. १९५० नंतर ते मगनवाडी सोडून वर्ध्याजवळच्या सेलडोहला पन्नई आश्रमात गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी वारले. संघ पुढे सर्व सेवा संघात विलीन झाला आणि खादी व ग्रामोद्योगाचे काम सरकारी आयोगाकडे गेले. मगनवाडीत जमनालाल बजाज यांच्या नावाची संशोधन संस्था झाली. २००८ पासून तिची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली आणि ती आता केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली काम करते. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यातच गावांसाठी विज्ञान केंद्र काढले; बायोगॅस, स्वस्त संडास, मातीच्या कौलांची घरे यांवर तिथे काम झाले. इमारती आणि प्रयोगशाळा वाढल्या. पण चिंध्या निवडण्यापासून सुरुवात करणारा गावसेवक मात्र कमी होत गेला, हे म्हणायला मी कचरणार नाही.

मगनवाडीच्या बाहेर ही परंपरा वेगवेगळ्या अंगांनी वाढली. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मेलेल्या जनावराच्या कातड्यापासून मैल्याच्या सोनखतापर्यंत सगळ्याचे उपयोग तिथे शिकवले गेले. हे तेच आप्पासाहेब, ज्यांना रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून उपोषण करावे लागले आणि डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्यातून त्यांना उपोषणाने साथ दिली. विनोबा १९४६ पासून पवनारहून सुरगावला रोज चालत जाऊन सफाई करत. आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा कोणत्याही संस्थेत न शिकता हेच करत होते. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. तुकडोजी महाराज १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहून आले आणि त्यांच्या ‘ग्रामगीते’ने ग्रामशुद्धीचा विषय भजनी मंडळांपर्यंत पोचवला. कोंढ्याकडे मगनवाडीचा धागा आला तो बहुधा याच वाटेने.

२०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. त्याने गावांत चुरस आणली, हे मान्य. बक्षिसासाठी गावे रात्र रात्र जागली. पण बक्षीस वाटून झाले की अनेक ठिकाणी खराटा खुंटीला लागला. स्वच्छ भारतमधले स्वच्छाग्रही आले, त्यांची प्रशिक्षणे झाली, संडास बांधले गेले. घनकचऱ्याचा प्रश्न मात्र सगळ्यांत शेवटी आला.

त्याबाबतीत पुण्याने एक उलटी शाळा काढली आणि मगनवाडीचा खरा वारस मला तिथे दिसतो. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ मध्ये याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेबरोबर महापालिकेने घरोघर कचरा गोळा करण्याचा करार केला. इथे शिकवणारी कोण, तर कचरा वेचणारी बाई. शिकणारा कोण, तर तिसऱ्या मजल्यावरचा सुशिक्षित. दुधाची पिशवी धुऊन द्या, सॅनिटरी पॅड कागदात बांधून वेगळे ठेवा, ओल्यात सुके मिसळू नका, हे ती त्याला सांगते. कुठल्या प्लास्टिकला काय भाव आहे हे तिला हाताच्या स्पर्शावरून आणि चुरगाळल्याच्या आवाजावरून कळते. पुस्तकातून शिकलेल्या आम्हाला तो कुरकुर आवाज एकसारखाच ऐकू येतो.

आता कोंढ्याकडे येतो. आपल्या गावात कबाडी येतो, लोखंड, काच, खोके, बाटल्या नेतो. तो नेत नाही ते काय, तर पन्नी, बहुपदरी पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, थर्मोकोल. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकवर बंदी घातली, जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर घातली. बाजारात पन्नी तरीही मिळते. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडारीचा आणि नाटकाचा जोर ओसरला की सकाळी मैदानात काय पडलेले असते, ते सांगायला नको. पळसाचे जंगल आपल्या दारात असताना पंगतीला चकचकीत ताटे बाहेरून येतात. कुमारप्पांच्या वहीत हे खर्चाच्या बाजूला गेले असते. वर नागपूरची नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानमधून वैनगंगेत उतरते आणि गोसीखुर्दच्या पाण्यात येऊन मिळते. नागपूरला दोष देणे सोपे आहे आणि द्यावाच. पण आपला नालाही त्याच वैनगंगेकडे जातो.

म्हणून तरुण मंडळींना एवढीच विनंती. पुढच्या वेळी स्वच्छतेच्या वर्गासाठी नावे घ्याल तेव्हा घरातल्या बाईचे, किराणा दुकानदाराचे, मंडप-केटरिंगवाल्याचे, राइस मिलवाल्याचे आणि त्या कबाड्याचे नाव आधी लिहा, खराटा धरणाऱ्यांचे नंतर. पहिल्या दिवशी झाडू नका. एका वस्तीतला आठ दिवसांचा कचरा ताडपत्रीवर पसरा, निवडा, वजन करा आणि कोणी काय विकत घेईल, काय खड्ड्यात जाईल, काय दुकानातूनच येऊ नये, हे सगळ्यांसमोर मांडा. खड्डा खणाल तर तो उलटवण्याच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि ज्याच्यावर पाळी असेल त्याचे नावही लिहा. आणि वर्ध्याला एकदा जाऊन या. मगन संग्रहालय बघा आणि परत येताना हातकागदाची एक वही विकत आणा, पुढचा जमाखर्च तिच्यात लिहायला होईल.